आग्नेसबाईंची अर्धी प्रार्थना

वसतिगृहातल्या मुली मला येऊन सांगायच्या, "मॅडम, रेक्टरबाई कपाटाशी बोलतात."

ते खरंच होतं. सकाळी साडेपाचला मुलींना उठवून झालं, गिझर बंद केला, की आग्नेसबाई आपल्या खोलीत जायच्या, लोखंडी कपाटाचं दार उघडायच्या आणि हात जोडून त्याच्यासमोर उभ्या राहायच्या. ओठ हलत असायचे. मग दार लावून, किल्ली कमरेला खोचून, "चला गं, आवरा, पहिली बॅच चुकंल तुमची," असं ओरडत बाहेर यायच्या.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. ज्याच्याकडं चार खोल्या मोकळ्या, त्याच्या दारावर वसतिगृहाची पाटी. नांदेडहून, किनवटहून, देगलूरहून मुली पत्र्याची पेटी, गादी आणि बादली घेऊन रिक्षातून उतरायच्या आणि दोन वर्षांत डॉक्टर व्हायचं म्हणून भिंतीवर वेळापत्रक चिकटवायच्या. मी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. माझे मिस्टर नांदेडला नोकरीला होते, रविवारी यायचे. वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या होत्या आणि आग्नेसबाईंची खोली जिन्याला लागून होती, म्हणून आमची ओळख झाली. त्या मला 'सुनंदाताई' म्हणायच्या, मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असूनही.

त्या नगर जिल्ह्यातल्या. शिक्षणानं नर्स, धर्मानं कॅथलिक. लग्न केलं नव्हतं. किल्लारीकडं भूकंप झाला तेव्हा मदतीसाठी आलेल्या डॉक्टरांच्या एका पथकाबरोबर आठ दिवसांसाठी म्हणून आल्या आणि पथक गेलं तरी राहिल्या. पत्र्याच्या शेडमधल्या दवाखान्यात काही वर्षं काढली. तो बंद पडल्यावर लातुरात आल्या. "परत का गेला नाहीत?" असं मी एकदा विचारलं होतं.

"तिकडं माझी वाट बघणारं कोण होतं? आईबाप गेलेले. इकडं निदान रोज पट्ट्या बांधून घ्यायला माणसं येत होती."

एवढंच सांगितलं आणि शेंगा सोलायला लागल्या.

कपाटाची गोष्ट अशी. आधी त्यांचा क्रूस भिंतीवर होता. वीतभर लाकडी, काळा पडलेला. शेजारी मरियेचं चित्र आणि खिळ्याला अडकवलेली जपमाळ. एके दिवशी औशाकडचे एक गृहस्थ मुलीला सोडायला आले, त्यांनी दारातून क्रूस पाहिला, बाईंकडं पाहिलं आणि सरळ वसतिगृहाच्या मालकांच्या ऑफिसात गेले. मी तिथंच बसले होते.

"ही तीच बाई हाय," ते म्हणाले. "भूकंपात मरायला लागलेल्या लेकरांला बाटवायली होती. आमच्या सोयऱ्याच्या गावची गोष्ट हाय. हिच्या हाती पोरी द्यायच्या का आमी?"

मालक भला माणूस, पण धंदा सांभाळणारा. त्यांनी आग्नेसबाईंना बोलावलं.

"मी तसं काही केलं नाय," बाई म्हणाल्या.

"मग लोक उगंच म्हणायलेत का?"

"लोकांनी मला क्रूसाची खूण करताना बघितलं. माझ्या कपाळाला. पोरीच्या नाय."

मालकांनी थोडा वेळ टेबलावरची काच पुसली. मग म्हणाले, "बाई, तुमच्यावर माझा विश्वास हाय. पण ते भिंतीवरचं कपाटात ठेवा. पालकांच्या नजरंला पडायला नको."

बाईंनी वाद घातला नाही. त्याच दुपारी साड्यांचा वरचा कप्पा रिकामा करून त्यात सगळं मांडलं. मला फार वाईट वाटलं, तसं मी बोलूनही दाखवलं. तर हसून म्हणाल्या, "अहो, पहिल्या काळातले आमचे लोक लपून राहायचे. भिंतीवर मासा काढायचे नुसता. मासा दिसला की ओळखायचं, इथं आपलं माणूस हाये. क्रूस काढायची सोय नव्हती त्यांना. मला तर चांगलं कुलपाचं कपाट हाये."

"तुम्हाला इथं कुणी मासा काढणारं भेटलं का?"

"नाय," त्या म्हणाल्या. "पण आपण काढून ठेवावा."

खुणांचा अर्थ विचारला की त्या असं सांगायच्या, स्वयंपाकघरातली गोष्ट सांगावी तसं. परीक्षेच्या दिवसांत मुली त्यांच्याकडं मेणबत्ती मागायच्या. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असायचं की ख्रिस्ती देवापुढं मेणबत्ती लावली की मार्क वाढतात. बाई चिडायच्या. "मेणबत्ती म्हंजे लाच नाय गं. आपल्याला देवापुढं दिवसभर थांबता येत नाय, कामं असतात. मग आपण निघतो आन् तिला उभी करून येतो, आपल्या बदल्यात. ती जळत उभी राहते. तुला अभ्यास सोडून उभं राहायचंय का? मग कशाला मेणबत्ती? जा, पुस्तक उघड." मुली पळायच्या. पण परीक्षेला निघालेल्या प्रत्येकीच्या मागं बाई कपाट उघडून एक मेणबत्ती लावायच्या, आणि पेपर सुटेपर्यंत ती विझू नये म्हणून पंखा बंद करून उकाड्यात बसायच्या.

लातुरात चर्च होतं, फादरही होते. पण सगळ्या क्लासची परीक्षा रविवारी. त्या दिवशी रेक्टरला हलता यायचं नाही. त्यामुळं बाईंना मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, क्वचितच मिळायची. कधी वर्षातून चारदा, कधी तेवढीही नाही. दुपारी बाराला मात्र समोरच्या क्लासची बॅच सुटल्याची कर्कश घंटा वाजली की त्या हातातलं काम ठेवून उभ्या राहायच्या. पोळपाटावर अर्धी पोळी असली तरी. त्यांच्या गावी त्या वेळेला चर्चची घंटा होई आणि शेतातली माणसं खुरपं खाली ठेवून देवदूतानं मरियेला दिलेला निरोप आठवत. "काय निरोप?" मी विचारलं. "की तुझ्या पोटी देव येणार. आन् ती काय म्हणाली, तर बरं, होऊ दे. एवढंच. इतक्या मोठ्या गोष्टीला एवढंसं उत्तर. म्हणून दिवसातनं तीनदा आठवायचं." आजूबाजूनं दोनशे मुलं सायकली काढत, ओरडत जात असायची आणि ही बाई खिडकीशी हात जोडून उभी असायची.

किनवटकडची एक मुलगी होती, आश्रमशाळेत शिकून आलेली. हुशार, पण इथल्या चाचण्यांत सारखी मागं पडायची. एका दुपारी निकाल लागला आणि ती जेवायला आली नाही. शोधलं तर गच्चीवर, टाकीपलीकडच्या बिनकठड्याच्या कडेला बसलेली. मी जिन्यातच थिजले. आग्नेसबाई मला बाजूला सारून वर गेल्या. जाताना दोरीवर घालायच्या ओल्या चादरींची बादली घेऊन गेल्या.

"ए बाळ, जरा टोक धर गं," त्या म्हणाल्या. "एकटीला पिळता येत नाय मला."

मुलगी बसून राहिली. बाई चादर धरून उभ्या. बराच वेळ उभ्या. शेवटी ती उठून आली आणि तिनं टोक धरलं. दोघींनी मिळून चार चादरी पिळल्या, वाळत घातल्या. मग ती मुलगी चादरीत तोंड खुपसून रडायला लागली. बाईंनी तिला गप्प केलं नाही.

"रड," त्या म्हणाल्या. "आमच्या एका प्रार्थनेत हाये, आमी घरातनं काढून दिलेली लेकरं, अश्रूंच्या खोऱ्यातनं तुला हाका मारतो. मी लहान होते तवा आईला विचारलं, देवाजवळ रडायचं कशाला लिहिलंय? आई म्हणली, रडायला एक जागा पाहिजे ना माणसाला. रड तू."

त्या मुलीच्या वडिलांना बोलावून घेतलं, ती महिनाभर घरी जाऊन आली. डॉक्टर झाली नाही. नर्सिंगला गेली. अर्ज भरताना बाई शेजारी बसल्या होत्या.

आता त्या अर्ध्या प्रार्थनेबद्दल. संध्याकाळी मुली अभ्यासिकेत गेल्या की बाई जपमाळ घेऊन बसायच्या. माझं दार उघडं असलं की ऐकू यायचं. "नमो मरिये, कृपापूर्णे" असं सुरू करायच्या, तीनचार ओळी म्हणायच्या आणि थांबायच्या. मग शांतता. पुन्हा तेच शब्द, पुन्हा शांतता. माझ्या लक्षात आलं की प्रत्येक शांतता सारख्याच लांबीची आहे. पन्नास मणी, पन्नास वेळा शांतता. मला वाटलं, दम लागत असेल. विचारलं.

"नाय हो. दोन भाग असतात तिचे," त्या म्हणाल्या. "पहिला भाग मोठ्या माणसानं म्हणायचा. त्यात मागायचं काही नाय, नुसतं मरियेला नमस्कार. देवदूताचे शब्द, तिच्या बहिणीचे शब्द. दुसरा भाग बाकीच्यांनी म्हणायचा. ते आपलं मागणं. की आमच्यासाठी विनंती कर, आता आन् मरणाच्या वेळी. घरी आई सुरुवात करायची आन् आमी सात भावंडं उत्तर द्यायचो. पेंगत, एकमेकांना चिमटे काढत. पण उत्तर यायचं."

"आणि आता?"

"आता दुसरा भाग मनात म्हणते. तोंडानं म्हणायला दुसरं माणूस लागतं."

मी तीनचार दिवस विचार केला. मी लिंगायत घरातली, माझ्या गळ्यात लिंग आहे, त्यात काही कमी होणार नव्हतं. एके दिवशी मी त्यांच्याकडून दुसरा भाग वहीत लिहून घेतला, म्हटलं नुसता वाचायचाय. संध्याकाळी त्यांच्या खोलीत जाऊन बसले, आणि त्या पहिल्यांदा थांबल्या तेव्हा वाचायला लागले. "हे पवित्र मरिये, देवाच्या माते..."

बाईंनी माझ्या वहीवर हात ठेवला.

"नको, सुनंदाताई."

"का? मला काही अडचण नाही."

"तुमाला नाय. उद्या कुणी ऐकलं तर म्हणंल, बाईनं आता मॅडमला ओढलं. तुमची नोकरी, तुमचे सासरचे. नको. तुमी नुसत्या बसा. बसलेलं चालतं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात घट्ट होता. मग मी पेपर तपासायला घेऊन बसायची, त्या मणी ओढायच्या, आणि मधल्या शांततेत माझ्या पेनाचा आवाज यायचा.

भूकंपातली ती गोष्ट त्यांनी मला राखेच्या बुधवारी सांगितली. उपासाचा काळ त्या दिवसापासून सुरू होतो. सुट्टी काढून त्या सकाळीच चर्चला गेल्या होत्या आणि कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आल्या. आरशासमोर उभ्या राहून तो पदरानं पुसत होत्या.

"पुसायचा असतो का?" मी विचारलं.

"ठेवायचा असतो दिवसभर. पण इथं कसा ठेवू?" मग खाटेवर बसल्या. "राख लावताना फादर म्हणतात, तू माती आहेस आन् मातीला मिळशील. भूकंपानंतर पहिल्या वर्षी ते वाक्य ऐकलं आन् मी चर्चमधनं उठून बाहेर आले. इतकी माती बघितली होती मी. माणसांच्या तोंडात, नाकात."

आणि मग सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दगडांच्या ढिगातून एक मुलगी जिवंत निघाली. आठनऊ वर्षांची. नाव महानंदा. आईला पाय मोडला म्हणून आदल्या दिवशीच सोलापूरच्या दवाखान्यात नेलेलं, बाप जागीच गेलेला. पाऊस पडत होता. मुलीला ताडपत्रीखाली आणलं तेव्हाच बाईंना कळलं, ही राहत नाही. डॉक्टर दुसरीकडं पळाले. बाई एकट्या तिच्याजवळ.

"आमच्यात असं हाये, सुनंदाताई. मरत्या माणसाला स्नानसंस्कार, म्हंजे बाप्तिस्मा, कुणीबी देऊ शकतं. फादर लागत नाय. पाणी आन् चार शब्द. माझ्या हातात पाण्याचा पेला होता, शब्द पाठ होते. मला लहानपणापासून शिकवलेलं, त्या पाण्यानं लेकरू देवाच्या घरचं होतं. मी बोटं पाण्यात बुडवलीबी. पण तिच्या गळ्यात चांदीची डबी होती, तुमच्या लिंगाची. आईनं बांधलेली. तिनं माझ्याकडं ते मागितलं नव्हतं. ती नुसती आई, आई करत होती. मी ओल्या बोटांनी तिचे ओठ ओले केले. तेवढंच. आन् माझ्या कपाळाला खूण करून प्रार्थना म्हणत बसले. ती गेली. कुणीतरी लांबनं बघत होतं, त्यांनी गावभर केलं, बाईनं पोर बाटवली."

"मग तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. कोण ऐकतं? आन् आमच्या माणसांतबी सांगितलं. माझी मावसबहीण मठात सिस्टर होती. तिला वाटलं होतं, मी दिला असंल संस्कार, ती मला शाबासकी द्यायला आली. नाय दिला म्हणल्यावर म्हणली, पाणी हातात होतं, आन् एवढंही केलं नाहीस? त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाय. फादर म्हणाले, देव समजून घेईल. देवाचं सोडा. मला कळत नाय अजून, मी त्या पोरीला काही दिलं का तिचं काही राखलं."

मी उठून चहा केला. बाईंनी तो घेतला नाही, उपास होता.

पुढं त्यांचे गुडघे गेले. जिना चढवेना. नगरकडच्या भाच्यानं आग्रह केला आणि बाई जायला तयार झाल्या. जायच्या आधी त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "त्या पोरीच्या आईकडं जायचंय. मला भेटायचं धाडस झालं नाय इतकी वर्षं. तुमी चला संगं."

आम्ही जीपनं गेलो. नवं वसवलेलं गाव, सरळ रस्ते, एकसारखी घरं. महानंदाची आई, शिवकांताबाई, ओट्यावर लंगडा पाय पसरून डाळ निवडत होत्या. आग्नेसबाईंनी नाव सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"मी जवळ होते तिच्या. शेवटी," बाई म्हणाल्या.

"ठाव हाय. तुमी तिला तुमच्या देवाचं पाणी लावलाव."

"नाय लावलं. तेच सांगायला आले."

मला वाटलं, आता ही बाई सुटकेचा श्वास सोडेल. पण त्यांचा चेहरा उतरला.

"न्हाई लावलाव?" त्या म्हणाल्या. "काहीच न्हाई केलाव?" मग माझ्याकडं वळल्या, आल्या आल्या सांगितलेल्या माझ्या आडनावावरून मी लिंगायत हे त्यांनी ओळखलं होतं. "तुमाला तर माहिती हाय, ताई. आपल्यात पुरतात. जंगम येतो, मंत्र म्हणतो, बसवून माती देतात. माझ्या पोरीला काय झालं? गावासंगं एकाच सरणावर गेली. मला तोंडबी दिसलं न्हाई. लोक ह्या बाईला शिव्या द्यायले तवा मी बी दिल्या. पण आत वाटायचं, कुणीतरी काहीतरी म्हणलंय तिच्यासाठी. कुठल्या का देवाचं असंना. त्याच्यावर दिवस काढले मी."

आग्नेसबाई काठी टाकून ओट्यावर तिच्याजवळ बसल्या.

"म्हणले होते. पाणी नाय लावलं, पण म्हणले होते. ती आई, आई करत होती. आमची प्रार्थनाबी आईलाच हाये. ती तिच्या आईला हाका मारत होती, मी माझ्या. की आता हिला सांभाळ."

"हात कुठं व्हता तिचा?"

"माझ्या हातात."

"आन् लिंग?"

"गळ्यातच. शेवटपर्यंत कुणाला काढू दिलं नाय मी."

शिवकांताबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या. कोंबड्या सुपातली डाळ खाऊन गेल्या, कुणी हाकललं नाही. मग त्या सुनेला म्हणाल्या, "बाईला जेवल्याबिगर सोडू नको," आणि भिंतीला धरत आत गेल्या. आम्ही जेवलो. त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

परतीच्या जीपमध्ये बाई म्हणाल्या, "खोटं होतं तेच तिला उपयोगी पडत होतं. मी खरं सांगून काढून घेतलं का?"

मी म्हणाले, "तुम्ही बदल्यात दुसरं दिलंत." पण मला तेव्हाही खात्री नव्हती आणि आजही नाही.

आठवड्यानं त्या गेल्या. नगरच्या गाडीत मी त्यांना बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली. सामान म्हणजे एक सुटकेस आणि एक पिशवी. "गाडी सुटंपर्यंत थांबू नका," त्या म्हणाल्या. "कुणी थांबलं की माणसाला सारखं मागं बघावं लागतं. जा तुमी, तुमची बॅच हाये."

मी निघाले, पण पेपरच्या स्टॉलमागं जाऊन उभी राहिले. त्यांना मी दिसत नव्हते. त्यांनी डबा उघडला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले होते, त्यांना विचारलं, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग एकट्याच सावकाश जेवल्या. खाली पडलेले कण पदरात गोळा केले, खिडकीतून बाटलीच्या पाण्यानं बोटं धुतली आणि डबा पिशवीत घातला. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं आली, वळली. बाई समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून ताठ बसल्या होत्या आणि सरळ पुढं बघत होत्या.